बुडालेल्यांच्या तसबिरी

आई अतिदक्षता विभागात होती ते नऊ दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून प्रार्थना करत होते. दहाव्या दिवशी तिच्या श्वासाची नळी काढली, तिने डोळे उघडून माझा हात दाबला, आणि त्या रात्री घरी येऊन मी फेसबुकवर लिहिलं. शब्द तोलण्याची ती वेळच नव्हती. देव ऐकतो, मनापासून मागितलं की तो देतो, माझ्या आईला त्याने परत पाठवलं, असं काहीसं ते होतं. त्यातला शब्द न् शब्द तेव्हा मला खरा वाटत होता. सकाळपर्यंत शेकडो लोकांनी खाली हात जोडल्याच्या खुणा ठेवल्या होत्या. ओळखीचे, अनोळखी, वेगवेगळ्या धर्मांचे. मला भरून आलं.

तिसऱ्या दिवशी एका अनोळखी बाईंचा खासगी निरोप आला. “ताई, माझी आई मागच्या महिन्यात गेली. मीही मनापासूनच मागितलं होतं. माझ्या मागण्यात काय कमी पडलं ते तुम्हाला माहीत असेल तर सांगाल का?”

त्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं, आणि ते माझ्याकडे असेल असं माझं लिहिणं वाचूनच त्यांना वाटलं होतं. चार दिवस मला उत्तर देता आलं नाही.

जवळच्या दोघातिघांना हे सांगितलं तेव्हा सगळ्यांचं मत एकच पडलं. म्हणूनच श्रद्धा ज्याची त्याने मनात ठेवावी, चारचौघांत आणू नये, इंटरनेटवर तर नाहीच नाही. हे मत आज शहाणपणाचं समजलं जातं. मला ते पटत नाही. मी चुकले हे खरं, पण श्रद्धा उघड सांगितली ही माझी चूक नव्हती. ज्या रीतीने सांगितली ती चूक होती. या दोन्हींत गल्लत केली तर आपण सगळ्यांनाच गप्प बसवू.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचं १८ वं कलम विचार, विवेक आणि धर्म यांच्या स्वातंत्र्याचं आहे. धर्म बदलण्याचं स्वातंत्र्य त्यात आहे, आणि आपला धर्म किंवा समजूत एकट्याने वा इतरांसोबत, उघडपणे वा खासगीत, शिकवणीतून, आचरणातून, उपासनेतून व्यक्त करण्याचंही आहे. त्यातल्या ‘उघडपणे’ या शब्दावर माझं बोट थांबतं. मनातल्या मनात मानायला कुणाची परवानगी लागत नाही. कुणाच्या डोक्यात शिरून त्याचा देव काढून घेणं कुठल्याही राजाला जमलेलं नाही. बंदी येते ती मानलेलं बोलून दाखवण्यावर, आणि माणसं तुरुंगात जातात तीही त्यासाठीच. ‘मनात ठेवा’ हा सल्ला सौम्य वाटतो, पण तो पाळला तर या स्वातंत्र्यातलं हाती फारसं काही उरत नाही.

आणि माणसं काय काय उघड सांगतात ते पाहा. प्रेमभंग, नोकरी गेल्याचं दुःख, नैराश्यावरच्या गोळ्या, राजकीय मत. याला आपण मोकळेपणा म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. मग ज्या एका गोष्टीच्या आधाराने मी मरणाऱ्या माणसाजवळ बसू शकते, झालेला अपमान गिळू शकते, तेवढीच वगळून स्वतःबद्दल लिहिलं तर ते लिहिणं खोटं नसलं तरी अर्धं राहील. घरात कुणीच मानत नाही तिथे एखादा मानणारा असतो. सगळेच मानतात तिथे एखादी न मानणारी असते. दोघांनाही रात्री दोन वाजता दूरचं कुणीतरी आपल्यासारखं सापडतं, ते त्या कुणीतरी आधी उघडपणे लिहून ठेवलेलं असतं म्हणून.

अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने २०१४ मध्ये केलेल्या पाहणीत २० टक्के प्रौढांनी सांगितलं की मागच्या आठवड्यात आपण ऑनलाइन आपल्या श्रद्धेविषयी काही मांडलं. दुसऱ्या कुणीतरी मांडलेलं पाहिलं असं सांगणारे ४६ टक्के होते. म्हणजे बोलणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त ऐकणारे. मला यातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. श्रद्धा जाहीर करावी की नाही या सगळ्या वादात आपण बोलणाऱ्याच्या हक्काविषयी बोलतो. ऐकणारा कोण आहे, कुठल्या अवस्थेत आहे, हे विचारायचं राहून जातं.

मराठीत श्रद्धा उघड सांगण्याची रीत जुनी आहे आणि तिला स्वतःची शिस्त आहे. अभंगाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येतं. नामा म्हणे, जनी म्हणे, तुका म्हणे. त्या नाममुद्रेचा मला लागलेला अर्थ असा, की हे मी म्हणतो आहे, अनुभव माझा आहे आणि चुकलं तर तेही माझंच आहे. त्या नावाखाली भक्ती आहे, देवाला सुनावलेले खडे बोल आहेत, तो आहे की नाही असा जीवघेणा संशयही आहे. फॉरवर्ड केलेल्या मजकुराला नाममुद्रा नसते. ‘आमेन लिहा आणि पुढे जा’, ‘अकरा जणांना पाठवा, आठवड्यात चांगली बातमी येईल’, ‘खरे भक्त असाल तर शेअर कराल’. या वाक्यांमागे उभा राहणारा कुणीच नसतो. वाचणाऱ्याच्या भीतीवर ती चालतात, आणि एखादी घाबरलेली आजारी बाई खरोखरच अकरा नावं शोधत बसते. याला श्रद्धा सांगणं म्हणायला मी तयार नाही.

उघड करावं की झाकावं, ही अडचण धर्मग्रंथांना नवी नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या एकाच प्रवचनात दोन गोष्टी आहेत. पाचव्या अध्यायात तो म्हणतो, दिवा लावून कुणी मापाखाली ठेवत नाही, तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या. सहाव्यात म्हणतो, लोकांनी पाहावं म्हणून चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करू नका, आपल्या खोलीत जा आणि दार लावून घ्या. कुराणाच्या दुसऱ्या सूऱ्यात म्हटलं आहे की दान उघडपणे केलंत तर चांगलंच, पण गरिबाला गुपचूप दिलंत तर ते तुमच्यासाठी अधिक चांगलं. गीतेच्या सतराव्या अध्यायात, लोकांनी सत्कार करावा, मान द्यावा म्हणून दंभाने केलेल्या तपाला राजस म्हटलं आहे. ते चंचल असतं, टिकत नाही. यांपैकी कुठेही उघडपणाला सरसकट मनाई नाही. रोख सगळा एकाच प्रश्नावर आहे. हे तू कुणाला ऐकवतो आहेस?

माझ्यापुरतं उत्तर मला माहीत आहे. त्या रात्री पोस्ट टाकल्यावर झोपेपर्यंत मी पाच वेळा फोन उघडून पाहिला. नऊ दिवस ज्याच्याशी बोलत होते त्याचे आभार मानायचे राहून गेले आहेत, हे दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं. आभार मी मानले होते, हजार लोकांसमोर मानले होते. त्याच्याशी मात्र बोलले नव्हते. हे लिहितानाही जड जातं.

लाइकचं बटण फेसबुकवर ९ फेब्रुवारी २००९ रोजी आलं. दिखावा त्याआधीही होता. माणूस देवापुढे उभा राहिला तेव्हापासून आजूबाजूला कोण पाहतं आहे याकडे त्याचा एक डोळा असणारच. पण किती जणांनी पाहिलं याचा आकडा प्रार्थना संपताच हातात पडत नव्हता. आकडा पडू लागला की पुढच्या वेळी आपण काय लिहायचं ते तो शिकवू लागतो. संशयाला कमी लोक थांबले, चमत्काराला जास्त थांबले, हे मन न सांगता टिपून ठेवतं. खोटं लिहिण्याचा विचारही न करता माणूस हळूहळू चमत्कारच लिहू लागतो.

२०२१ मध्ये फेसबुकने अमेरिकेतल्या ग्रुपांसाठी प्रार्थनेची विनंती टाकण्याची खास सोय आणली. आपली अडचण किंवा आजार लिहायचा, आणि वाचणाऱ्याने ‘मी प्रार्थना केली’ असं बटण दाबायचं. ही सोय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. महासाथीत एकत्र जमण्याच्या जागा बंद होत्या, आणि अंथरुणावर पडलेल्या माणसाला शंभर जणांनी आपली आठवण काढली हे कळणं लहान गोष्ट नाही. पण त्या बटणापाशी मी अडते. प्रार्थनेला वेळ लागतो. त्या माणसाचं नाव घेऊन, त्याचं दुखणं डोळ्यांसमोर आणून थोडा वेळ तरी गप्प बसावं लागतं. बटणाला क्षणही लागत नाही. दाबणाऱ्याने प्रार्थना केली की नाही हे त्याचं त्याला ठाऊक, पण ‘केली’ असा शब्द त्याने दिलेला असतो, आणि तो शब्द एका आजारी माणसाने धरून ठेवलेला असतो. कुणी विनंती केली तर मी आता आधी बसते, मग खूण ठेवते. कधी खूण ठेवायची राहून जाते. ते चालतं.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण या सगळ्याचं मूळ तिथे आहे.

रोमन लेखक सिसेरोने इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमारास एक गोष्ट लिहून ठेवली. मेलॉस बेटाचा डायगोरास नास्तिक म्हणून प्रसिद्ध होता. तो एकदा समोथ्रेस बेटावर आला. तिथे मित्राने त्याला देवांना वाहिलेल्या तसबिरी दाखवल्या. वादळात सापडून नवस बोललेल्या आणि सुखरूप किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या त्या तसबिरी होत्या. मित्र म्हणाला, देवांना माणसांची पर्वा नाही असं तुला वाटतं ना, मग हे इतके लोक कसे वाचले ते बघ. डायगोरास म्हणाला, खरं आहे, कारण जे बुडाले त्यांच्या तसबिरी कुठेच लावलेल्या नाहीत. पुढे १६२० मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकनने माणसाचं मन पुराव्याच्या बाबतीत कसं फसतं हे सांगताना हीच गोष्ट पुन्हा मांडली.

ही गोष्ट न मानणारे आवडीने सांगतात आणि मानणारे टाळतात. मला वाटतं, मानणाऱ्यांनाच तिची जास्त गरज आहे. इंटरनेट ही त्या देवळाचीच भिंत आहे, फक्त तिला शेवट नाही. जिची आई वाचली ती लिहिते. जिची गेली ती फोन उलटा ठेवून अंधारात बसते. शिवाय कुठली तसबीर डोळ्यांसमोर टांगायची हे तिथे कुणी पुजारी ठरवत नाही. जिच्यासमोर जास्त लोक थांबतात ती आपोआप वर येते. ‘मागितलं, मिळालं नाही, तरी अजून मानते’ ही तसबीर कोपऱ्यात राहते. मग भिंत पाहणाऱ्या दुःखी माणसाला वाटतं की सगळ्यांचं ऐकलं गेलं, माझंच तेवढं राहिलं. मी माझी तसबीर त्या भिंतीवर लावली होती. ‘माझी आई वाचली’ एवढ्यावर मी थांबले नव्हते. खाली ‘मनापासून मागितलं की मिळतं’ असंही लिहिलं होतं. पहिल्या वाक्यात कृतज्ञता होती. दुसऱ्यात, माझ्या ध्यानीमनी नसताना, ज्यांना मिळालं नाही त्यांच्या मनावरच ठपका होता. त्या बाईंनी तो बरोबर वाचला.

प्रार्थनेचं फळ मोजून पाहण्याचाही प्रयत्न झाला आहे. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००६ मध्ये अमेरिकन हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. सहा रुग्णालयांतले १,८०२ रुग्ण, सगळे हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेचे. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, दुसऱ्यासाठी केली नाही, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे या दोन्ही गटांना सांगितलं नव्हतं. तिसऱ्या गटाला मात्र तुमच्यासाठी प्रार्थना होणार असल्याचं खात्रीने सांगितलं होतं. पहिल्या दोन गटांत शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीचं प्रमाण जवळजवळ सारखं निघालं, ५२ आणि ५१ टक्के. ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ते ५९ टक्के होतं. यावरून देव असण्यानसण्याचा निकाल लागत नाही, आणि कुणी तो लावू नये. एक गोष्ट मात्र मी यातून घेतली. ‘तुझ्यासाठी प्रार्थना करते आहे’ असं म्हणण्याचा मला हक्क आहे. ‘प्रार्थनेने तू बरा होशील’ असं म्हणण्याचा नाही. आणि श्रद्धेच्या भरात कुणाला औषध सोडायला सुचवणं हे तर कुठल्याही धर्मात पापच ठरावं.

न्यायालयात साक्षीदाराला विचारतात ते तू काय पाहिलंस एवढंच. निकाल द्यायचं काम त्याचं नसतं. श्रद्धेविषयी उघडपणे लिहिणाऱ्याने त्या पिंजऱ्यात उभं राहून लिहावं असं मला वाटतं. ‘त्या रात्री बाकावर मला एकटं वाटलं नाही’ ही माझी साक्ष झाली. ती कुणाला खोडता येत नाही, आणि तिच्यामुळे कुणाच्या जखमेवर मीठ पडत नाही. ‘देव मागणाऱ्याला देतोच’ हा निकाल झाला, आणि तो द्यायला मी कोण? पण साक्षीदार व्हायचं तर उलटतपासणीलाही उभं राहावं लागतं. तिथे विचारलं जाईल, की सगळ्याच रात्री असं वाटलं का? नाही. सातव्या रात्री मला काहीच वाटत नव्हतं. नेहमीचे शब्दही तोंडात येत नव्हते. कुणी ऐकत नाही, कधीच ऐकत नव्हतं, अशी जवळजवळ खात्री घेऊन मी पहाटेपर्यंत भिंतीकडे पाहत होते. माझ्या पोस्टमध्ये सातवी रात्र नव्हती. ती असती तर त्या बाईंना कदाचित वेगळं काही विचारावंसं वाटलं असतं.

यावर एक आक्षेप मला मान्य आहे. काही धर्मांत इतरांना सांगणं, बोलावणं हे कर्तव्यच मानलं जातं. अशा माणसाला ‘फक्त स्वतःपुरतं सांग’ ही अट तोकडी वाटेल. त्याने बोलवावं. जाहीरनाम्यातल्या ‘शिकवण’ या शब्दात तेही येतं. माझी एकच विनवणी आहे. बोलावणं आपल्या दारावर लावावं. कुणाच्या मृत्यूची बातमी, कुणाचा घटस्फोट, कुणाच्या मुलाचा आजार दिसला की तिथे जाऊन आपल्या देवाचा पत्ता देऊ नये. त्या क्षणी माणसाला नाही म्हणण्याचं बळ नसतं.

आई घरी आल्यावर महिन्याभराने तिने ती पोस्ट वाचली. तिचे डोळे भरतील असं मला वाटलं होतं. तिने चष्मा काढला आणि विचारलं, “हे सगळ्यांना वाचता येतं?” मी हो म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाली, “नळीचं लिहायला नको होतंस गं.”

एवढंच बोलली. माझ्या श्रद्धेची गोष्ट सांगण्याचा हक्क माझा होता, पण ती गोष्ट तिच्या देहावर उभी होती, आणि तिला मी विचारलं नव्हतं. श्रद्धेच्या अनुभवांची ही खास अडचण आहे. कुणाचा तरी आजार, कुणाची दारू सुटणं, कुणाचं परत येणं यांच्याशिवाय ते सांगताच येत नाहीत. १९९८ मध्ये स्वीडनमधल्या एका चर्चमध्ये सेवा करणाऱ्या बाईंनी दीक्षेची तयारी करणाऱ्यांच्या सोयीसाठी इंटरनेटवर काही पानं तयार केली. त्यांत त्यांनी सहकाऱ्यांची नावं, कामं, छंद आणि काहींचे फोन नंबरही दिले. एका सहकाऱ्याचा पाय दुखावल्यामुळे ती अर्धवेळ रजेवर आहे, हेही लिहिलं. सगळं मायेने, हलक्याफुलक्या भाषेत. काहींना ते रुचलं नाही असं कळताच त्यांनी ती पानं काढून टाकली. तरी माहिती संरक्षणाच्या कायद्याखाली खटला झाला, दंड झाला, आणि प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. ६ नोव्हेंबर २००३ रोजी न्यायालयाने सांगितलं की असंख्य लोकांना पाहता येईल असं इंटरनेटवर मांडलेलं लिखाण त्या कायद्यातल्या ‘घरगुती’ वापराच्या सवलतीत बसत नाही, आणि दुखावलेल्या पायाचा उल्लेख ही आरोग्याची माहितीच आहे. त्या बाईंना गुन्हेगार ठरवणं मला फार कठोर वाटतं. पण तो पाय वाचला की मला आईची नळी आठवते.

मुलांच्या बाबतीत हे आणखी टोकाचं आहे. धार्मिक विधीत बसवलेलं तान्हं बाळ, चार वर्षांच्या मुलीच्या तोंडची प्रार्थना, ‘आमचा छोटा भक्त’ असं लिहिलेला फोटो. यात प्रेम आहे हे मला दिसतं. पण ते मूल वीस वर्षांचं होईल, आणि तेव्हा ते काय मानेल हे आज कुणालाच माहीत नाही. बालहक्कांच्या १९८९ च्या कराराचं १४ वं कलम आईवडिलांना वाट दाखवण्याचा हक्क देतं. विचाराचं, विवेकाचं आणि धर्माचं स्वातंत्र्य मात्र मुलाचं आहे असंच म्हणतं. आपण आपल्या श्रद्धेवर सही करावी. मुलाची सही त्याची त्याला करू द्यावी.

ऐकणाऱ्यांमध्ये आणखी एक असतो आणि तो कधीच हात जोडत नाही. युरोपीय संघाचा माहिती संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या ९ व्या कलमात धार्मिक समजूत ही आरोग्य, वंश यांच्यासारखी खास जपण्याची माहिती मानली आहे. ती वापरायला मुळात मनाई आहे. पण त्याच कलमात एक अपवाद आहे, तो म्हणजे त्या व्यक्तीने स्वतः उघडपणे जाहीर केलेली माहिती. कायद्याने लावलेलं कुलूप पोस्ट टाकताना आपण आपल्या हाताने काढतो. हे कळून काढलं तर हरकत नाही. बहुतेकांना कुलूप होतं हेच माहीत नसतं.

गप्प राहूनही पुरता बचाव होतो असं नाही. कोसिन्स्की, स्टिलवेल आणि ग्रेपेल यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ५८,००० हून अधिक स्वयंसेवकांच्या फेसबुकवरच्या लाइकवरून माणूस ख्रिस्ती की मुस्लिम हे ८२ टक्के अचूकतेने ओळखता आलं. २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केलं की नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या, कोट्यवधी वेळा उतरवून घेतलेल्या एका ॲपमधून लोकांच्या ठावठिकाण्याची माहिती दलालाकडे जात होती, आणि त्या दलालाच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदार होते. १ डिसेंबर २०२२ पासून फेसबुकने प्रोफाइलमधला धार्मिक मताचा रकाना काढून टाकला. रकाना गेला, पण त्यात काय लिहिलं असतं ते ओळखता येणं थांबलेलं नाही.

आणि काही ठिकाणी ऐकणारा पोलीस असतो. पाकिस्तानच्या दंड संहितेत १९८४ साली घातलेल्या २९८-क या कलमाने अहमदिया पंथाच्या माणसाने स्वतःला मुसलमान म्हणवणं हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा ठरवला आहे. नायजेरियात मुबारक बाला यांना २०२० मध्ये फेसबुकवरच्या लिखाणासाठी अटक झाली. ते उघडपणे नास्तिक होते. २०२२ मध्ये त्यांना २४ वर्षांची शिक्षा सुनावली गेली. अपिलात ती पाच वर्षांवर आली आणि २०२५ च्या जानेवारीत ते सुटले. एकाला ‘मी मानतो’ म्हणण्याची शिक्षा आहे, दुसऱ्याला ‘मी मानत नाही’ म्हणण्याची झाली. मला ही दोन उदाहरणं एकाच श्वासात आठवतात, कारण मला मोकळेपणाने देवाचं नाव घेता यावं असं वाटत असेल तर मुबारक बालांना ते नाकारता यावं यासाठीही मी बोललं पाहिजे. म्हणूनच जे भर चर्चेत समोरच्याला ‘तू मानतोस की नाही ते सगळ्यांसमोर सांग’ असं दरडावतात, किंवा कुणी विश्वासाने खासगीत सांगितलेल्या संशयाचा स्क्रीनशॉट बाहेर आणतात, त्यांचा मला मनापासून राग येतो. त्या माणसाच्या घरात, गावात, देशात त्या एका वाक्याची काय किंमत आहे हे त्यांना माहीत नसतं.

पाचव्या दिवशी मी त्या बाईंना उत्तर लिहिलं. तुमच्या मागण्यात काही कमी नव्हतं आणि माझ्या मागण्यात काही जास्त नव्हतं. माझी आई का वाचली आणि तुमची का गेली हे मला माहीत नाही, आणि माहीत असल्यासारखं मी लिहिलं याबद्दल माफ करा. सातव्या रात्रीचंही लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, “सातव्या रात्रीचं आधी सांगायचं होतंत.”

मूळ पोस्ट मी काढून टाकली नाही. काढली असती तर मी तसं कधी म्हटलंच नव्हतं असा आव आणल्यासारखं झालं असतं. आईच्या सांगण्यावरून नळीचं वाक्य गाळलं. ‘मागितलं की मिळतं’ हेही काढलं आणि खाली तारीख घालून काय काढलं, का काढलं ते लिहिलं. हा लेख आईने आधी वाचला आहे. इथला नळीचा उल्लेख राहू दे असं तिनेच सांगितलं. त्या बाईंनाही विचारलं आहे.

पुढच्या वर्षी, त्यांच्या आईच्या स्मृतिदिनी, त्या बाईंनी स्वतःच्या नावाने लिहिलं. मागितलं होतं, मिळालं नाही. अजून रोज बसते. काही दिवस बोलते, काही दिवस नुसतीच बसते. त्याखाली मोजून सतरा जणांनी काही लिहिलं होतं. त्यातल्या दोघींनी लिहिलं होतं, “माझंही असंच आहे.”